भटक्या अस्वलाची पत्रं

सुनेनं तिसरा कागद चुरगाळून टोपलीकडे फेकला. नेम चुकला आणि तो बोळा सासऱ्यांच्या पायाशी येऊन पडला. सासरे खिडकीपाशी वाटाणे सोलत बसले होते. त्यांनी तो उचलला, मांडीवर सपाट केला आणि डोळे बारीक करून वाचला.

"हे अस्वल आहे की हेडमास्तर?"

तिला हसू आलं नाही. ती काम करायची तो छापखाना बंद पडल्यावर तिनं मोठ्या उमेदीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा उद्योग मांडला होता. भटक्या नावाचं अस्वल शाळेच्या सुट्टीत गावोगाव हिंडतं आणि मुलांना पत्रं लिहितं. आईबापांनी मुलाचं लाडाचं नाव, आवडीनिवडी, खोड्या कळवायच्या. तिनं प्रत्येकाला वेगळं पत्र हातानं लिहायचं. कल्पना ऐकून सगळे खूश झाले होते. पण आज सकाळीच एका आईनं फोन करून, अगदी गोड आवाजात, सांगितलं होतं की मुलानं दोन ओळी वाचल्या आणि पत्राचं विमान केलं.

"एकही चूक नाही त्यात, बाबा," ती म्हणाली. छापखान्यात तिनं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकाच तर शोधल्या होत्या.

"तेच तर. अस्वल म्हटलं की थोडा तरी घोळ घालायला नको? कुणाला लिहिते आहेस?"

"सहा वर्षांची मुलगी आहे. अंधाराला घाबरते. भटक्यानं तिला धीर द्यावा, असं आईचं म्हणणं."

सासऱ्यांनी एक शेंग फोडली. त्यांचा जन्म लांब पल्ल्याची बस चालवण्यात गेला होता. ते निघायचे तेव्हा घर झोपलेलं असायचं आणि परतायचे तेव्हाही. घरात बोलायची त्यांना सवयच राहिली नव्हती.

"धीरबीर राहू दे. लिही, मीसुद्धा घाबरतो. काल बसमध्ये बसलो होतो, तेवढ्यात बोगदा आला. अंधार गुडुप! मी शेजारणीचा हात गच्च धरला. उजेडात बघतो तर हात कसला, तिच्या पिशवीतली काकडी! आणि घाबरून मी ती अर्धी खाल्लीसुद्धा होती."

सुनेचं पेन धावू लागलं. "मग?"

"मग काय! बाई उतरेपर्यंत झोपेचं सोंग घेतलं."

पुढच्या आठवड्यात त्या मुलीच्या आईचा फोन आला. मुलगी उशाशी काकडी घेऊन झोपते आणि दिवा स्वतःच्या हातानं बंद करते, असं सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. टेबल पाकिटांनी भरून गेलं. सासरे सांगत, सून लिहून घेई. अस्वल घाटात बस मागे कशी घेतं, हे दाखवायला ते खुर्चीत उलटे वळून बसत. नवरा वीज दुरुस्तीच्या कामावरून आला की ताट ठेवायला जागा नसे. तो दाराला टेकून, ताट हातात धरून ऐकत राही. एकदा हसता हसता त्याला ठसका लागला.

"बाबा, हे खरंच घडलं होतं?"

"निम्मं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू झोपलेला असायचास."

सुट्टी संपत आली होती. एका संध्याकाळी सासरे पाकिटांवर तिकिटं चिकटवत होते, तेव्हा नवरा हातपाय धुऊन टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"अजून एक पत्र घ्याल का?"

"आता नको रे," सून म्हणाली. "हात दुखून आलेत."

"एकच. मुलगा जरा मोठा आहे."

तिनं सुस्कारा सोडून पेन उचललं. "नाव?"

"ढब्बू."

सासऱ्यांचा हात तिकिटावर थांबला. या नावानं आपल्या मुलाला त्यांनी हाक मारली, त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

"वय?" सुनेनं मान वर न करता विचारलं.

"अडतीस."

नवऱ्याचे कान लाल झाले होते. तो हसत होता, पण तिथून हलत मात्र नव्हता. सासऱ्यांनी तिकीट वाकडंच चिकटवलं, त्यावरून अंगठा फिरवला, मग आणखी एकदा फिरवला. पायानंच शेजारची खुर्ची बाहेर ढकलली.

"बस," ते म्हणाले. "पत्रात नाही मावायचं ते."

सुनेनं पेनाला टोपण लावलं आणि चहाचं आधण ठेवायला उठली.