दोनशे चौदा हरकती

काकांनी चष्मा नाकावर नीट बसवला, लाल पेन्सिल उचलली आणि शेजारच्या शिवणवालीने आणलेल्या कागदातली पहिलीच ओळ आडवी खोडली.

“हे ‘माझ्या शेजारच्या काकू’ वगैरे नको,” ते म्हणाले. “हरकतीत मुद्दा लागतो. कहाणी नाही.”

शिवणवाली दारातच उभी होती. गळ्यात टेप तशीच, ओढणीला टाचण्या तशाच. हातातलं काम टाकून पळत आली होती बिचारी. वहीच्या फाडलेल्या पानावर तिने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, की शेजारच्या काकूंच्या पायाची जखम दोन वर्षं झाली भरत नाही, एक दिवसाआड मी त्यांना धरून दवाखान्यात नेते, पाच मिनिटांच्या वाटेला वीस मिनिटं लागतात कारण मधे दोनदा टेकावं लागतं, बसची पायरी त्यांना चढवत नाही आणि गाडीत पाय दुमडत नाही, तर दवाखाना पुलापलीकडे नेल्यावर मी त्यांना कुठं धरून नेऊ, ते सांगा.

“पण खरं आहे ना ते, काका?”

“खरं आहे गं. म्हणून तर नीट लिहायचं.”

“अहो, पोरीला बसायला तरी सांगा आधी,” आतून काकूंचा आवाज आला. त्या पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या आणि बाहेरचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू जात होता.

कोपऱ्यावरचा दवाखाना म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. दोन खोल्या, एक डॉक्टर, एक नर्स आणि एक डुगडुगणारं बाक. तो बंद करून पुलापलीकडच्या मोठ्या रुग्णालयाला जोडायचा, असं वरती कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली होती: हरकती व सूचना एक महिन्याच्या आत विभाग कार्यालयातल्या पेटीत टाकाव्यात. इतरांच्या दृष्टीने ती गैरसोय होती. ताप आला तर थोडं लांब जावं लागेल, एवढंच. काकूंचं मात्र सगळं त्या नर्सच्या हातावर चाललं होतं. मोठ्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं, की पट्टीत आठवड्याचा खंड पडला तर पाय काढावा लागेल, आणि या वयात काढल्यावर पुढचं आम्ही काही सांगू शकत नाही.

काकांनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, नातवंडं खेळवतात. यांना मूलबाळ नव्हतं आणि फिरायची आवड नव्हती, म्हणून त्यांनी ‘आपला परिसर’ नावाचं दोन पानी मासिक पत्रक काढलं. पाणी कोणत्या दिवशी बंद, कुणाची मांजर हरवली, बुद्धिबळाच्या सामन्यात कोण जिंकलं, विभाग कार्यालयाची बैठक कधी. सगळा मामला एवढाच. पण त्यात चूक शोधून दाखवा म्हणावं. दुकानाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या चिठ्ठ्या, यांच्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नसे. लोक पाठीमागे त्यांना ‘खोडरबर’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडायचंही.

तेव्हा नोटीस लागल्यावर अख्खी गल्ली त्यांच्याकडे धावली यात नवल नाही. पहिल्या दिवशी आठ कागद आले. एकाने म्हाताऱ्या बापाच्या दम्याबद्दल लिहिलं होतं, इस्त्रीवाल्याने हात भाजल्याचा किस्सा दोन पानं सांगितला होता, एका आजींनी तर नातवाकडून लिहून घेऊन कार्यालयाला चक्क शिव्या घातल्या होत्या. काकांनी एकेक कागद धुऊन काढला. दमा गेला, किस्सा गेला, शिव्या तर गेल्याच. विसावा कागद येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की दुरुस्त केल्यावर सगळे कागद सारखेच दिसतात. मग एवढी मरमर कशाला? त्यांनी बसून एकच मसुदा केला. पाच परिच्छेद, मुद्देसूद, सभ्य, नावासाठी खाली मोकळी जागा. टाईप करून घेतला आणि प्रती काढल्या.

त्यातलीच एक त्यांनी शिवणवालीपुढे सरकवली. “ही घे. सही कर आणि पेटीत टाक.”

तिने ती सावकाश वाचली. वाचताना ओठ हलत होते.

“छान आहे काका. पण यात काकूंचं काहीच नाही.”

“आहे की. तिसरा परिच्छेद. ‘ज्येष्ठ व रुग्ण नागरिकांची होणारी गैरसोय.’”

“अच्छा. त्यात आल्या का काकू?” असं म्हणून तिने सही केली. तिचं वहीचं पान काकांनी बाकीच्या पानांबरोबर रद्दीच्या ढिगात ठेवलं. शनिवारी रद्दीवाला आला आणि ढीग घेऊन गेला.

मुदत संपली तेव्हा काकांनी वाटलेल्या प्रती होत्या दोनशे चौदा. जो भेटेल तो सांगायचा, काका, टाकली बरं का. काकूंना रोजचा आकडा ऐकायचा असे. “दोनशेच्या वर?” त्या म्हणायच्या. “माणसं चांगली आहेत हो आपली.” त्या महिन्यात त्यांना झोपही बरी लागली.

मग सुनावणीचं पत्र आलं. वार बुधवार, सकाळी अकरा. सगळ्यांनाच आलं असणार, असं काका धरून चालले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि जागा मिळावी म्हणून अर्धा तास आधी पोचले. व्हरांड्यात कुणी नव्हतं. अकरा वाजता शिपायाने त्यांना आत बोलावलं. आत एक टेबल, टेबलामागे एक बाई आणि समोर एकच खुर्ची.

“बाकीचे यायचेत अजून,” काका म्हणाले.

“बाकीचे कोण?” बाईंनी विचारलं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कपाटातून दोरीने बांधलेला एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. “तुमचीच वरती होती, म्हणून तुम्हाला बोलावलं. मजकूर सगळ्यांचा एकच आहे ना. नोटिशीतला सातवा मुद्दा बघा. समान मजकुराच्या हरकती एकच हरकत म्हणून धरल्या जातात.”

सातवा मुद्दा काकांनी बघितला होता. ती नोटीस त्यांनी ‘आपला परिसर’मध्ये जशीच्या तशी छापली होती, आणि छापण्याआधी तीनदा तपासली होती. सातव्या मुद्द्यातली ओळ तुटत होती, ती त्यांनी स्वतः सांधली होती. चौतीस वर्षं हेच तर केलं होतं: अक्षर बघायचं, ओळ बघायची, पुढे सरकायचं. काय लिहिलंय याच्याशी आपल्याला काय करायचंय.

“प्रत्येकाने आपापलं लिहिलं होतं हो,” ते म्हणाले. “मी फक्त नीट करून दिलं.”

“मूळ कागद आहेत?”

“रद्दीत गेले.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. वाईट नव्हती ती बाई. रोज हेच ऐकून थकलेली होती. “काका, भाषा फार सुंदर आहे तुमची. इथे असं कुणी लिहीत नाही. पण कुणी मला सांगितलं असतं ना, की मला काय होतंय, माझ्या घरी कोण आजारी आहे, तर तेवढी प्रत्येक हरकत मला वेगळी नोंदवावी लागली असती. प्रत्येकीला उत्तर द्यावं लागलं असतं. दोनशे उत्तरं देत बसण्यापेक्षा वरच्यांनी कदाचित विषयच बाजूला ठेवला असता. आता मी काय करू?”

“मी आत्ता सांगतो. माझी बायको...”

“मुदत संपली हो.”

काकांनी गठ्ठा जवळ ओढला आणि मोजायला घेतला. बाईंनी अडवलं नाही. इस्त्रीवाल्याची होती. शिव्या देणाऱ्या आजींचा अंगठा होता. शिवणवालीची सही होती, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेली. दोनशे चौदा. एकही कमी नव्हती.

आठवड्याभराने दवाखान्याच्या दारावर दुसरी नोटीस लागली. मुदतीत प्राप्त हरकती: एक. विचारांती फेटाळण्यात आली. दवाखाना महिनाअखेर बंद.

काका पोचले तेव्हा नोटिशीसमोर दहा-बारा जण जमले होते.

“एक?” इस्त्रीवाला म्हणत होता. “मी स्वतः टाकली. मग तुम्ही लोकांनी काय केलं?”

“आम्हाला विचारतोस? तूच गेला नसशील. तुझं दुकान कधी बंद असतं का?”

“सह्या करायला सगळे पुढे, चालायची वेळ आली की पाय दुखतात.”

“काका,” इस्त्रीवाल्याने त्यांना पाहिलं. “तुम्ही एवढी मेहनत घेतलीत. लाज वाटते हो आम्हाला.”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. काकांनी तोंड उघडलंही. पण सगळे त्यांच्याकडे इतक्या आदराने बघत होते, की त्यांनी नुसती मान हलवली आणि घरचा रस्ता धरला. पाठीमागे भांडण चालूच राहिलं.

घरी काकू पलंगाच्या कडेला बसून वाट बघत होत्या. चेहऱ्यावरूनच त्या समजल्या.

“किती धरल्या त्यांनी?”

“एक.”

“एक?” काकू उशीच्या अभ्र्याची सुरकुती हाताने सपाट करत राहिल्या. “कुणाची?”

“माझी.”

हे खोटं नव्हतं. गठ्ठ्यावर वरती त्यांचीच होती.

“वाटलंच मला,” काकू म्हणाल्या. त्यांनी काकांचा हात हातात घेतला. कित्येक वर्षांत घेतला नव्हता. “बाकी सगळे तोंडदेखले. आपलं माणूस ते आपलं माणूस.”

काकांना रडू आलं. काकूंना वाटलं, दवाखान्यासाठी.

तेवढ्यात दार वाजलं. चार वाजले होते, पट्टीची वेळ. महिनाअखेरपर्यंत अजून सहा पट्ट्या होत्या. शिवणवाली नेहमीसारखी आत आली आणि काकूंना उठवायला तिने दंडाखाली हात घातला. काकूंनी तो हलकेच काढला.

“तू राहू दे गं. तुला तुझी कामं असतील. आज हे नेतील मला.”

“काकांना जमायचं नाही हो. मधे टेकायला लागतं, तेव्हा...”

“जमेल त्यांना.”

शिवणवालीला क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि तिचं तोंड उतरलं. “मी टाकली होती काकू,” ती म्हणाली. “दुसऱ्याच दिवशी टाकली. शप्पथ.” आणि तिने काकांकडे बघितलं.

काका खाली वाकले. काकूंच्या दुखऱ्या पायात चप्पल घालायला त्यांना खूप वेळ लागला. पट्टा सैल होता तो त्यांनी काढून पुन्हा लावला. वर बघितलं तेव्हा शिवणवाली दाराबाहेर जाऊन उभी राहिली होती.

दोघं निघाले. काकूंचं सगळं वजन त्यांच्या खांद्यावर आलं. एवढं वजन असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. इस्त्रीच्या दुकानापाशी ते टेकले. इस्त्रीवाला लगबगीने स्टूल घेऊन बाहेर आला. काकूंनी त्याच्याकडे न बघताच काकांची बाही ओढली.

“चला. बघू नका यांच्याकडे.”

काकांनी नाही बघितलं.