ब्रिहिदा मावशीचं दुसरं नाव

ग्वाचाराका म्हणजे आमच्या नदीकाठचा कोंबडीएवढा तपकिरी पक्षी. पहाटे एकाने चोच उघडली की सगळा थवा गाव डोक्यावर घेतो. ज्या बाईचं हसू तसं कर्कश, तिलाही आम्ही ग्वाचाराकाच म्हणतो. शहाणी माणसं सांगतात, पाखरावरून बाईला नाव पडलं. माझी आई निकोलासा मात्र शपथेवर सांगायची, "छट्! आधी आमची ब्रिहिदा हसली. पाखरं तिच्याकडून शिकली."

ब्रिहिदा मावशी आईची धाकटी बहीण. या नावाने ती भडकायची. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. मावशी हसली की पलीकडून आई ओरडायची, "गप गं ग्वाचाराका! दूध नासलं माझं!"

"तू मेलीस की सुटतील माझे कान!" असं म्हणून मावशी पुन्हा हसायची. त्या भांडणांत मी वाढले, आणि त्या दिवसांसाठी माझा जीव अजून तुटतो.

आई गेली आणि मावशी हसायचीच थांबली. आई तर गेलीच, आता हे हसूही जाणार, या भीतीने मला घास उतरेना.

नवव्या दिवशी दुपारी रीतीप्रमाणे अंगणात कॉफी फिरली आणि मंडळी विनोद सांगू लागली. मयताच्या घरी हसवणाऱ्याला आमच्याकडे मान असतो. म्हाताऱ्या एउसेबियोने गोष्ट काढली. एका दारुड्याची शवपेटी त्याच्याच गाढवाच्या गाडीवर चालली होती. गाढव सवयीने गुत्त्यापुढे थांबलं, ते काही केल्या हलेना. शेवटी पाद्रीबाबांनीच एक पेला मागवला.

"मेलेल्यासाठी?" कुणीतरी विचारलं.

"छे हो, गाढवासाठी! मेलेला तर आयुष्यात पहिल्यांदाच न पिता पुढे जायला तयार होता!"

मावशीला हसू फुटलं. तेच हसू, पत्र्यावर सुरी ओढावी तसं. कोंबड्या सैरावैरा पळाल्या. हसता हसताच तिने आईच्या स्वयंपाकघराकडे मान वळवली, बोलणी खायच्या तयारीने. दार रिकामंच होतं.

"आता मला तसं कोण गं म्हणणार?" ती पुटपुटली.

मी हळूच म्हटलं, "गप गं ग्वाचाराका!"

मावशीने तळव्यांनी डोळे पुसले.

"कसलं मेलं पुळचट! निकोलासाची लेक ना तू? ओरड की जरा!"