बॉनेटातला राहू

सकाळचे अकरा वाजले होते. अकोट रस्त्यावरच्या कापसाच्या बंद जिनिंगच्या आवारात एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या अकरा गाड्या घाण्याच्या बैलासारख्या गोल गोल फिरत होत्या. मधोमध खाटेवर वाहनसिद्ध महाराज. गळ्यात रुद्राक्ष, हातात चौदा नंबरचा पाना. भोवती दोनशे माणसं, चहाची टपरी, नारळवाला, आणि लिंबू बाजारभावाच्या तिप्पट.

"फिरवा! थांबू नका! एसी सुरू ठेवा!" महाराज ओरडत होते. "राहूले गरमी सोसत नाई बाप्पा! थो आपोआप तोंड दाखवते!"

पाऊण तासात त्याने तोंड दाखवलंच. एक पांढरी गाडी आचका देऊन जागच्या जागी मेली. महाराजांनी बॉनेटवर हळदीच्या पाण्यात बुडवलेला पंचा पसरला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि 'ॐ पिस्टनाय नमः'पासून सुरू होणारं स्तोत्र म्हणायला घेतलं. ते चांगलं चाळीस मिनिटं चाललं. शेवटी मालकाने किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. जयजयकार झाला, बाया रडल्या, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या उत्तमरावांनी डोळे मिटून हात जोडले.

मला आधी हसू आलं. राग नंतर आला.

मी संघपाल, अचलपूरला आयटीआयत मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवतो. उत्तमराव माझे शेजारी, फुलशेती करणारे, मुंगीलाही पाय चुकवून चालणारे. त्यांची मुलगी रूपाली मेळघाटात आरोग्यसेविका आहे. परतवाड्याहून घाट चढून वर जायचं आणि एखादी बाई अडली की तिला घेऊन खाली यायचं, हे तिचं काम. वर जाणारी जीप दिवसातून दोनदा, तीही भरेल तेव्हा सुटणारी. म्हणून उत्तमरावांनी तिला ही नवी कार घेऊन दिली. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला वकील परवडत नाही.

ही गाडी घाटात तापली की बंद पडायची. बंद पडली की स्टिअरिंग जड, ब्रेक लाकडासारखा ताठ, आणि एका अंगाला दरी. अर्ध्या तासाने मात्र आपली आपण सुरू. चार वेळा अमरावतीच्या शोरूमला नेली. तिथे ती रात्रभर उभी ठेवत, सकाळी गार इंजिनावर राजापेठेपर्यंत चक्कर मारत आणि कागदावर लिहीत, 'दोष आढळला नाही.' चौथ्या खेपेला तक्रारी लिहून घेणाऱ्या स्वप्निलने आवाज खाली करून सांगितलं, "काका, एकदा महाराजांकडं दाखवून तं पाहा. बऱ्याच जनांच्या चांगल्या झाल्या."

बुडत्याला काडीचा आधार. उत्तमराव गेले. महाराजांनी पूजा केली आणि वर एक व्रत दिलं: एकवीस दिवस गाडीच्या आजाराबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही, काढलं की राहू परत. नवव्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन आला, "सर, आपली तक्रार दूर झाली का?" व्रतात असलेला माणूस काय बोलणार? "हो, बरी हाय गाडी," उत्तमराव म्हणाले. पंधराव्या दिवशी घाटातल्या वळणावर गाडी मेली आणि रूपाली मागे घसरत कठड्यापाशी थांबली. तरी आज ते रूपालीला आणि गाडीला घेऊन दुसऱ्या पूजेला आले होते, आणि त्यांच्या आग्रहामुळे मीही.

थोड्या वेळाने रूपालीची गाडी बंद पडली. तिच्या मागोमाग अकोटच्या महादेवरावांचीही. मी पुढे झालो.

"महाराज, रूपालीच्या गाडीची पूजा तुमी करा. महादेवरावांची मी पाहतो."

"तुमाले कोनता मंत्र येते?"

"एकही नाई. मी निस्ता निंबाखाली बसतो."

लोक हसले. महादेवरावांना गंमत वाटली असावी, त्यांनी मान डोलावून होकार दिला. आम्ही त्यांची गाडी ढकलत निंबाखाली नेली, बॉनेट उघडं टाकलं, आणि मी खरोखरच पेपर वाचत बसलो. पस्तिसाव्या मिनिटाला महादेवरावांना म्हटलं, "फिरवा किल्ली." गाडी सुरू झाली. तिकडे महाराज अजून कार्ब्युरेटरच्या अध्यायात होते, आणि या गाडीला कार्ब्युरेटर नसतोच.

माणसं खाटेकडून निंबाकडे सरकली.

"हवा तिकडची हाय," महाराज सावरून म्हणाले. "मंत्र उडून तिकडं गेला."

"मंग तुमची पूजा झालेली गाडी पुन्हा फिरवा. एसी लावून."

पूजा उरकल्यावर रूपाली स्वतः स्टिअरिंगला बसली. अडतिसाव्या मिनिटाला तिची गाडी हळदीकुंकवासकट पुन्हा मेली.

मग मी लोकांना बॉनेटमध्ये डोकावायला लावलं. यात राहू नाही आणि केतूही नाही. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा एक बोटाएवढा सेन्सर असतो. कंपनीने तो सायलेन्सरच्या पाइपला खेटून बसवला आहे. तापला की तो मुका होतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलंय, आणि तो पेट्रोल तोडतो. गार झाला की पुन्हा बोलतो. महाराजांच्या स्तोत्राला चाळीस मिनिटं लागतात, कारण सेन्सर गार व्हायला तीसपस्तीस लागतात. शोरूमवालेही तेच करतात, फक्त स्तोत्र म्हणत नाहीत. नवा सेन्सर घालून भागत नाही, आयटीआयत मी नवाही तापवून पाहिला, तोही मुका झाला. जागा बदलायला हवी आणि ती कंपनीनेच.

"आता सांगा," मी म्हटलं, "तुमाले इथं कोनी पाठवलं?"

"शोरूमच्या पोरानं," महादेवराव म्हणाले.

"मलेही त्यानंच," दुसरा म्हणाला. मग तिसरा. अकराच्या अकरा.

"आन् व्रतात असताना कंपनीचा फोन आला तवा काय सांगितलं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"म्हंजे कंपनीच्या लेखी या अकराही गाड्या बऱ्या हायत. दोष हाये असं सांगनारा मानूसच नाई तिच्याकडं. चला, आता एका कागदावर लिवून देऊ, गाडी बंद पडते म्हनून."

मी कागद काढला. महादेवरावांनी तो हातात घेतला, वाचला आणि घडी घालून परत दिला. "सर, गोष्ट तुमची खरी हाय. पन नाव फुटलं तं उद्या ही गाडी इकावी कोनाले?"

"आन् व्रत?" मागून कुणीतरी म्हणालं.

महाराजांना तेवढंच हवं होतं. खाटेवर उभे राहून ते गरजले, "व्रत तं मोडलंच! या मास्तरानं मोडलं! आता कोनाच्या गाडीचं काई झालं तं मले बोलू नका!" चारशे डोळे माझ्याकडे वळले. उत्तमरावांनीही कागदाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शोरूमला जाऊन स्वप्निलला धरलं. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, उघड्या तक्रारी तिनाच्या वर गेल्या की मिटिंगमधी माहीच सालटी काढतात. बरं करनं मह्या हातात नाई, बंद करनं हाय."

"सेन्सरची जागा चुकली म्हणून वर कळव ना."

"कळवलं. थे म्हनतात, तुमच्याकडच्या तक्रारी तं सगळ्या बंद हायत, मंग दोष कुठं हाय?"

मी चहा तसाच ठेवून उठलो.

मी रूपालीला सांगितलं, घाटाच्या मध्यावर गाडी अर्धा तास उभी करत जा, चढताना आणि उतरतानाही. पोरगी शहाणी, अडीच महिने तिने ते तंतोतंत पाळलं. सव्वीस सप्टेंबरला दुपारी ती घाट चढून पोचली तेव्हा उपकेंद्राच्या दाराशी एक अडलेली बाई आणून ठेवली होती, पायाकडून आलेलं बाळ, रक्त थांबेना. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. रूपालीने तिला तशाच तापल्या गाडीत घातलं आणि माघारी फिरली. अर्धा तास थांबायला ती काय महाराज होती?

सहाव्या वळणावर इंजिन गेलं. रूपालीने दरी सोडून गाडी डोंगराच्या अंगाला घातली. बाई वाचली, मागून आलेल्या जीपमधून खाली पोचली, तिला मुलगा झाला. रूपालीचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

अपघाताच्या पाचव्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर पोलीस ठाण्याच्या आवारात आला. गाडीची उजवी बाजू चेपली होती, इंजिन शाबूत होतं. त्याने किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू झाली.

"साहेब, तापवून पाहा," मी हात जोडून म्हणालो. हो, मीही हात जोडले.

"आमच्या तपासणीत ते बसत नाही," तो म्हणाला आणि त्याने लिहिलं: इंजिन सुस्थितीत. दोष आढळला नाही. मागील सर्व तक्रारी ग्राहकाच्या समाधानाने बंद.

अमरावतीच्या दवाखान्यात रूपालीची आई, पार्बताबाई, जिन्यापाशी बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"सर, एक इचारू? त्या दिवशी तुमी व्रत मोडलं नसतं तं माह्या पोरीचा पाय राह्यला असता का?"

मी त्यांच्याजवळ बसून सगळं पुन्हा सांगितलं. सेन्सर, पाइप, पस्तीस मिनिटं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान हलवली. दुसऱ्या दिवशी उत्तमराव त्या जिनिंगच्या आवारात जाऊन आले, पोरीची जखम भरावी म्हणून. आवारात आता वीस गाड्या असतात म्हणे.

वाचकहो, ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. ती चार माणसांदेखत तापवा, बंद पडताना मोबाइलवर चित्रण करा, तारीख घाला. फोन आला की 'बरी आहे' म्हणू नका, कुणीही शपथ घातली असली तरी. तुम्ही बरी म्हटलेली गाडी कुणा दुसऱ्याच्या मुलीला घाटात घेऊन जाते. कंपनी ऐकेलच असं मी म्हणत नाही, मला आता तशी आशा उरलेली नाही. पण खोटं बोलण्याचं काम तरी आपण तिला फुकट करून देऊ नये.

मी तोच कागद घेऊन आतापर्यंत सव्वीस घरी गेलो. सही एकच मिळाली आहे, रूपालीची.