ब्रेकमास्तरांचं नाक

सुई नाकाजवळ आली आणि ब्रेकमास्तरांनी उजवा पाय खाडकन दाबला. पायाखाली ब्रेक नव्हता, पलंगाच्या पायथ्याचा लोखंडी दांडा होता. तो करकरला.

"सर, पाय सोडा," डॉक्टर म्हणाली. "गाडी उभीच आहे."

ही खोड तिला ठाऊक असणं साहजिक होतं. गावातली निम्मी माणसं गाडी चालवायला मास्तरांकडेच शिकली होती, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी असलेल्या दुसऱ्या ब्रेकवरून त्यांना हे नाव पडलं होतं. डॉक्टरही त्यांचीच विद्यार्थिनी. प्रत्येक चौकात थांबायची, इकडे बघायची, तिकडे बघायची, पुन्हा इकडे बघायची. मागे हॉर्नचा कल्लोळ. मास्तर म्हणायचे, "बाई, रस्ता ओलांडायचाय, समुद्र नाही."

नाकाच्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्याखाली ती पुटकुळी उगवली तेव्हा मास्तरांनी दोष चष्म्याला दिला. मग दाढीच्या ब्लेडला. मग साबणाला. आयुष्यभर गाडीच्या खिडकीतून त्याच गालावर ऊन घेतलं होतं, पण उन्हावर संशय घ्यायचं त्यांना सुचलं नाही. खपली धरायची, पडायची, रक्त यायचं, पुन्हा खपली. मलमांमागून मलमं झाली. शेवटी औषधांच्या दुकानदारानेच हात जोडले.

"मास्तर, आता माझ्याकडे फक्त बुटांचं पॉलिश उरलंय. डॉक्टरला दाखवा."

"कुठल्या?" हे बरोबर आलेल्या मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"बाजारामागच्या इस्पितळात. त्वचेच्या कॅन्सरचंच काम करते ती."

मास्तरांनी घरापर्यंत पावलं झपझप टाकली. घरात आल्यावर फुटले. "एक चौक ओलांडायला जी अर्धा तास लावते, तिच्या हातात माझं नाक द्यायचं?"

"अहो, द्यायला नाक तर उरू द्या," बायको म्हणाली.

तरी त्यांनी मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या इस्पितळाला फोन लावलाच. तिथल्या माणसाने गावाचं नाव विचारलं आणि म्हणाला, "मग इकडे कशाला येता? तुमच्याकडच्या बाई आमच्याकडेच शिकून गेल्यात." मास्तरांनी फोन असा ठेवला, जणू चुकून लागला होता.

शेवटी मास्तर तिच्याकडेच गेले. पुटकुळीचा तुकडा काढून केलेल्या बायोप्सीचं उत्तर कॅन्सर असं आलं. त्या संध्याकाळी मास्तरांनी आवाज बंद करून बातम्या बघितल्या. बायकोने आवाज वाढवला नाही.

डॉक्टरने दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. हा प्रकार सहसा अंगभर पळत नाही, जागच्या जागी खात राहतो. वरून दिसतो त्याहून आत पसरलेला असू शकतो. म्हणून एक पातळ थर कापायचा, पट्टी लावून पेशंटला बाहेर बसवायचं. थर गोठवायचा, त्याच्या चकत्या काचेवर घ्यायच्या आणि सगळ्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. जिथे उरला असेल, फक्त तिथेच पुन्हा कापायचं.

"एकदाच काय तो मोठा तुकडा काढून टाकला तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर पापणीही जाईल, सर. मग आरशात बघून माझ्यावर ओरडाल."

पहिला थर काढून झाल्यावर मास्तर बाहेरच्या बाकावर येऊन बसले. कुणाच्या कपाळाला पट्टी, कुणाच्या ओठाला. हरलेलं सैन्य चहाला थांबावं तसा तो देखावा होता. शेजारी टपाल वाटणारी एक बाई होती, कानाला पट्टीचं भलं मोठं बोंडकं बांधलेलं.

"तुमचा कितवा?" तिने विचारलं.

"पहिलाच. तुमचा?"

"दुसरा झाला. तिसरा होणार नाही असं वाटतंय." मुलांबद्दल बोलावं तसं ती म्हणाली आणि हसली. हसताना कान दुखला असावा. "घरचं कुणी आलं नाही बरोबर. म्हटलं, कशाला उगाच सगळ्यांचा दिवस घालवा."

मास्तरांच्या बायकोने तिला आपल्या थर्मासमधला चहा दिला.

मास्तरांना पुन्हा आत बोलावलं. डोळ्याच्या बाजूला अजून थोडा उरला होता. दिवा जवळ आला. डॉक्टरने हत्यार उचललं, थांबली, वाकून बघितलं, दिवा सरकवला, दुसऱ्या बाजूने बघितलं. पुन्हा पहिल्या बाजूने. मास्तरांनी मिटल्या डोळ्यांनीच ते थांबणं ओळखलं.

"सावकाश," ते म्हणाले. "घाई नको."

हत्यार हवेतच राहिलं. मास्कच्या वर डॉक्टरच्या भुवया उंचावल्या, आणि मग ती कामाला लागली.

पुन्हा बाहेर बसणं झालं. या वेळी ती स्वतःच दारात आली. "सर, कडा स्वच्छ आहेत. कॅन्सरची एकही पेशी उरलेली नाही. चला, टाके घालू."

बायकोने मास्तरांचा हात दाबला तो इतका, की टाक्यांपेक्षा मास्तरांना तेच जास्त लागलं. टाके झाल्यावर उठताना काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटत होतं.  त्यांनी डॉक्टरपुढे हात जोडले आणि ते जोडलेले सुटेनात.

"सर, पुरे. माझे पुढचे पेशंट आहेत," ती म्हणाली. पण तिनेही लगेच मान वळवली नाही.

बाहेर नर्स टपालवाल्या बाईला तिसऱ्या थरासाठी बोलावत होती. बाई उठली. चेहऱ्यावर मघाचं हसू नव्हतं. हातातली पर्स कुठे ठेवावी ते तिला कळेना. बाकावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"चला," बायको मास्तरांना म्हणाली. "गाडी पुढेच लावलीय."

मास्तर बाकावर बसले. बाईची पर्स त्यांनी मांडीवर घेतली.

"तुम्ही या जाऊन," ते बाईला म्हणाले. "आम्ही आहोत."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मग थर्मास हलवून आत किती चहा उरलाय याचा अंदाज घेतला, आणि पायातल्या चपला काढून त्यांच्या शेजारी बसली.