दोन खोल्यांमधली वही

माझी पाने निर्मळ राहिली तर वेंडेल टॉलीला निम्म्या किमतीचा संगणक विकता येणार होता. डागाळली तर बडी कंपनी त्याला कोर्टात खेचणार आणि चाळीस माणसे घरी बसणार. कॅलिफोर्नियातल्या त्याच्या छोट्या कंपनीची मी नोंदवही, आता जुनी झालेली. मित्रांनो, माझी पाने शिवलेली आणि क्रमांक छापलेली. एक जरी फाडले तरी कळावे म्हणून वकील मार्गो स्टेनरूडने मला मुद्दाम निवडले.

बड्या कंपनीच्या संगणकावरचे प्रोग्रॅम आमच्यावरही चालायला हवे होते. प्रोग्रॅमने काय मागितले की काय द्यायचे, हे जसेच्या तसे ठेवायचे; ते देणारी, संगणकातच बसवलेली आज्ञावली मात्र नक्कल न करता आपली आपण लिहायची. म्हणून दोन खोल्या. पहिलीतली माणसे मूळ आज्ञावली वाचत आणि ती काय करते एवढेच सांगत. दुसरीत गस डेलाक्रॉय नवी लिहीत बसे. मूळ त्याने कधी पाहिलेच नव्हते, याच गुणावर त्याला नोकरी मिळाली होती. दोन्ही खोल्यांचे सवाल-जवाब तारीख-सहीनिशी माझ्यातूनच जात.

"न वाचण्याचा पगार खातोस लेका," वेंडेल चिडवायचा.

"जपून राहा. शहाणा झालो तर काढावं लागेल मला."

आठ महिने मला तिजोरीत जपले. मग एका सोमवारी गसने माझ्यात लिहिले: शनिवारी मेहुण्याचा संगणक अडला, म्हणून त्याच्याकडचे बड्या कंपनीचे पुस्तक उघडले. मागे आज्ञावली छापलेली होती. दोन पाने वाचली.

"हे आधी मला तोंडी नाही सांगायचं?" मार्गो म्हणाली.

"सगळं वहीत लिहायचं, हा नियम तुझाच."

"फाड ते पान," वेंडेल म्हणाला.

"एकशे बेचाळीसनंतर थेट एकशे चव्वेचाळीस? त्यांचे वकील पहिलं तेच विचारतील," मार्गो म्हणाली.

"माझं काम शुक्रवारीच संपलंय, मार्गो. तारखा बघ," गस म्हणाला.

"म्हणून तर काम वाचलं. तू नाही वाचलास. या खोलीत आता पाऊल टाकायचं नाही."

खटला झालाच. कोर्टात चार दिवस मला वाचले. एवढे कबूल करणारी वही बाकी खोटे कशाला लिहील, असे न्यायाधीशांना वाटले. आम्ही जिंकलो. तेव्हापासून मी अडगळीत आहे.

मित्रांनो, वही नीट लिहा, पण खरे लिहिणाऱ्यालाही सांभाळा. वेंडेलला बाजार मिळाला, मार्गोला नाव, चाळीस जणांना पगार. गसला मात्र 'मूळ पाहिलेला माणूस' म्हणून त्या भागात कोणीच असले काम दिले नाही. सगळ्यांच्या यशाची किंमत त्याने एकट्याने भरली.