तीन प्रश्न झाल्याशिवाय पुस्तक नाही

"ही खुर्ची आहे की पाट? हनुवटी टेबलाला लागतेय माझी. आता टाइप काय हनुवटीनं करू?"

मोठ्या जाऊबाईंनी हे धाकटीच्या कानाशी म्हटलं, पण त्यांचं कुजबुजणं म्हणजे खोलीभर ऐकू जाणारं. धाकटीनं खुर्चीखालचा दांडा ओढून पाहिला. खुर्ची आणखी दोन बोटं खाली गेली.

"राहू दे गं, तू हात लावलास की असंच होतं."

शेजारच्या शाखेच्या ग्रंथपालांनी भल्या मनानं कपाटातला जाडजूड कोश आणून पुढे केला. "हा घ्या खाली. चांगली उंची येईल."

"पुस्तकावर बसू?" मोठ्या जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते कोश पोटाशी धरून आल्या पावली परत गेले. मग त्या स्वतःच उठल्या. पलीकडच्या रांगेत एक उंच गृहस्थ गुडघे टेबलाला अडवून कसेबसे बसले होते, त्यांना दोन शब्दांत उठवलं आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. गृहस्थ मुकाट्यानं धाकटीच्या शेजारी आले. त्यांनाही ती खुर्ची बरी वाटली.

प्रशिक्षकाला यातलं काही कळलं नाही. तो भिंतीशी वाकून तारा खोचत होता.

या दोघी जावा एकाच घरात राहत आणि एकाच ग्रंथालयात काम करत. वाचक त्यांना मोठ्या बाई आणि छोट्या बाई म्हणत. छोट्या बाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि अंगानं मोठ्या बाईंच्या दीडपट, पण नाव पडलं ते पडलं. धाकटी मोठीला ताई म्हणे. ती लग्न होऊन आली तेव्हा मोठीनंच तिला सोबत नेऊन पहिल्यांदा टेबलाशी बसवलं होतं. तेव्हापासून सकाळी एकीच्या हातात डबे आणि दुसरीच्या हातात किल्ल्या, असं दोघींचं चाललं होतं.

गेल्या महिन्यात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. यापुढे वाचक घरबसल्या संगणकावरून पुस्तकं शोधतील, राखून ठेवतील, मुदत वाढवून घेतील. प्रश्नसुद्धा तिथूनच विचारतील. त्यासाठी सर्वांनी प्रशिक्षणाला यावं. खाली एक ओळ होती, शाखांच्या मनुष्यबळाचा फेरविचार करण्यात येईल. या ओळीचा अर्थ, की दोघींपैकी एकच राहणार, घरात सगळ्यांना कळला होता. दोघींच्या नवऱ्यांनी ती ओळ दोन-दोनदा वाचली, आणि मग पंख्याला तेल घालायला हवं यावर बराच वेळ चर्चा झाली. तेव्हापासून जेवणाच्या टेबलाशी जगातल्या यच्चयावत विषयांवर बोलणं व्हायचं. कोणी 'ग्रंथालय' म्हणालंच, तर दुसरं कोणीतरी लगेच 'आमटी वाढ' म्हणायचं.

धाकटी रोज आमटी वाढत होती आणि मनात एकच गोष्ट घोळवत होती. ताईंना दोन वर्षांनी नाहीतरी निवृत्त व्हायचंच आहे. त्या आपण होऊन आधी सोडतील का? हा विचार आला, की तिला स्वतःचाच राग यायचा. आणि राग ओसरला, की विचार पुन्हा यायचा.

"आता खरी गंमत," प्रशिक्षक तारांतून वर येत म्हणाला. पोरगेलासा, हसरा होता. दर वाक्याला 'इथे टिचकी मारा' म्हणायचा, म्हणून सकाळच्या चहापर्यंत त्याचं नाव टिचकी पडलं होतं. "खिडकीकडची रांग म्हणजे वाचक. भिंतीकडची रांग म्हणजे ग्रंथपाल. एकमेकांकडे पाठ आहे ती तशीच राहू द्या. इकडचं एक यंत्र तिकडच्या एकाला जोडलंय. कोण कोणाला, ते सांगणार नाही. एका शाखेच्या माणसांना सकाळीच एका रांगेत बसवलंय, म्हणजे समोर परकंच माणूस येईल. वाचकांनी पुस्तक मागायचं. ग्रंथपालांनी लगेच नाव सांगायचं नाही. आधी तीन प्रश्न विचारून खरं काय हवंय ते काढून घ्यायचं."

पहिली फेरी फसली. वाचक झालेल्या झाडून सगळ्या ग्रंथपालांनी पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्ती आणि वर्गांक दिला. एकानं तर कपाटाची बाजूही सांगितली. विचारायला काही उरलंच नाही.

टिचकीनं कपाळाला हात लावला. "अहो, असा वाचक तुम्ही जन्मात पाहिलाय का?"

"नाही ना! म्हणून तर हौस भागवून घेतोय," कोश परत नेणारे ग्रंथपाल म्हणाले. खोली हसली.

"आता खरंखुरं विचारा. आजवर कोणाला विचारलं नसेल असं काहीतरी. नाव कुठेच दिसणार नाही."

खोलीत कळांचा आवाज सुरू झाला. धाकटीच्या पडद्यावर अक्षरं आली:

'निवृत्तीनंतर दिवस कसे घालवावेत यावर पुस्तक हवं. फार उपदेश नको. पानं दुमडणार नाही.'

तिचा हात कळांवरच थांबला. 'पानं दुमडू नका हं.' आल्या-गेल्या प्रत्येक वाचकाला पुस्तक देताना ताई हे वाक्य बजावत, आणि ते ऐकत तिची निम्मी हयात गेली होती. खुर्चीच्या अदलाबदलीत ताई वाचकांच्या रांगेत गेल्या होत्या, आणि टिचकीचा हिशेब चुकला होता.

उठून सांगावं असं तिला वाटलं. पण त्याआधी दुसरंच काहीतरी वाटलं, आणि ते सुटकेसारखं होतं. ताईंनी ठरवलं तर! तिनं घाईनं पहिला प्रश्न लिहिला.

'पुस्तक कोणासाठी हवं आहे?'

पलीकडे वेळ लागला. मोठ्या जाऊबाई एका बोटानं टाइप करत.

'जावेसाठी. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे.'

"अकरा," धाकटी पुटपुटली.

"काही म्हणालात?" शेजारच्या उंच गृहस्थांनी विचारलं.

"नाही, नाही. तुमचं चालू द्या."

तिचे कान तापले होते. इतके दिवस ती आमटी वाढता वाढता ज्यांच्या निवृत्तीची वाट पाहत होती, त्या पाठीमागे बसून तिच्याच निवृत्तीची वाट पाहत होत्या. कोणी कोणाला नावं ठेवायची? तिनं दुसरा प्रश्न नियमाला धरून, परक्या माणसासारखा लिहिला.

'त्यांची निवृत्त व्हायची इच्छा आहे का?'

'विचारलं नाही. विचारलं तर लगेच हो म्हणेल. तिचा स्वभावच तसा. म्हणून विचारत नाही.'

धाकटीनं पदराच्या टोकानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. पाठीमागे ताईंच्या बांगडीचा टेबलावर ठक ठक आवाज येत होता. एक बोट, एक ठक.

'आणि तुम्ही स्वतः घरी राहिलात तर?'

हे उत्तर फार सावकाश आलं. मध्येच काही खोडलं गेलं, पुन्हा आलं.

'इथे दिवसभर कोणी ना कोणी मला काही विचारायला येतं. घरी जेवायला काय आहे एवढंच विचारतात. जावेचं तसं नाही. तिच्याशी सगळे बोलतात.'

"चला, तीन प्रश्न झाले असतील," टिचकीनं टाळी वाजवली. "आता ग्रंथपालांनी उत्तर द्यायचं."

धाकटीला अशी चार पुस्तकं तोंडपाठ होती. त्यातली दोन तर ताईंनीच निवडून मागवलेली. तिनं लिहिलं:

'असं पुस्तक आमच्याकडे नाही.'

"अगंबाई!" पाठीमागून मोठ्या जाऊबाई कडाडल्या. "कुठली म्हणायची ही शाखा? साधं पुस्तक नाही म्हणे! आणि चौकशा मात्र एवढाल्या केल्या!"

सगळी खोली खो खो हसली. टिचकी हसत हसत कोणाची शाखा ते विचारू लागला. धाकटी खुर्ची मागे सरकवून उठली आणि रांगेला वळसा घालून ताईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. ताईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांचा हात पडद्यासमोर आडवा गेला आणि तिथेच राहिला.

"तू होतीस?"

"हो."

"मग सांगायचं नाही होय?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

"अगं, ते आपलं... त्यानं खरंखुरं विचारा म्हटलं म्हणून काहीतरी लिहायचं." ताईंनी पर्स काखोटीला मारली. "चल, चहा आला असेल. गार झाला की तुला चालत नाही."

आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना पडद्यात खुपसल्या. त्यांच्याही शाखांना तेच पत्र गेलं होतं.

"चहा नंतर पिऊ," धाकटी म्हणाली. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "ताई, आपल्या शाखेत एकच जागा राहणार आहे. तुम्ही विचारलंत तर मी हो म्हणणार नाही. मला ती जागा हवी आहे."