मुखपृष्ठावर ब्रेकताई

भाजलेल्या माणसांना पुन्हा उभं करणारी एक संस्था होती. तिचे अध्यक्ष निवृत्त सर्जन. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. त्यांनी संस्थेचं मासिक काढायचं मनावर घेतलं आणि मांडणीसाठी एका डिझायनर बाईला बोलावलं. तिनं आजवर दागिन्यांची, घरसजावटीची मासिकं सजवली होती. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ते तिलाही चांगलं ठाऊक होतं.

डॉक्टरांनी संस्थेचे जुने अहवाल पुढ्यात ठेवले. बहुतेकांवर पाठमोरी माणसं. एकावर तर जळती मेणबत्ती. ती पाहून तिनं कपाळाला हात लावला. मासिक कोणासाठी, असं तिनं विचारलं. देणगीदारांसाठी, डॉक्टर म्हणाले. त्यांना अहवाल पुरेत, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मासिक हवं ते वॉर्डातून घरी गेल्यावर दार लावून बसणाऱ्यांसाठी. कातडीची काळजी कशी घ्यायची, नोकरी कुठे मिळेल, खोचक नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं, सगळं त्यात येईल. आणि मुखपृष्ठावर चेहरा असेल, समोरून. डॉक्टरांना मजकूर पटला, चेहऱ्यापाशी मात्र घोडं अडलं. आधी करून दाखवा, मग बघू, म्हणाले.

चेहरा तिनं शोधला तो ब्रेकताईंचा. तरुणपणी स्वयंपाकघरात भडका उडून त्यांचा चेहरा आणि मान भाजली होती. आता त्या ड्रायव्हिंग स्कूल चालवत. शिकणाऱ्यानं कितीही घोळ घातला तरी त्या शांतपणे ‘ब्रेक’ एवढंच म्हणत, म्हणून हे नाव पडलं होतं.

“भाजल्याची गोष्ट सांगून सांगून माझं तोंड दुखलं,” त्या म्हणाल्या. “गाडी शिकवण्याबद्दल विचारणार असाल, तर येते.”

बाईचा नवराच फोटोग्राफर. त्यानं स्टिअरिंगमागे बसलेल्या ताईंचे फोटो काढले. मुखपृष्ठ तयार झाल्यावर ती मोठ्या उत्साहानं ताईंना दाखवायला गेली. ताईंनी ते बराच वेळ न्याहाळलं.

“मानेवरचा वळ कुठे गेला?”

दागिन्यांच्या मासिकातली सवय; फोटो साफसूफ करताना हात आपोआप चालला होता. 

“बाई, ही माझी कोणीतरी चुलत बहीण दिसतेय,” ताई म्हणाल्या. “प्रकाशनालाही तिलाच बोलवा.”

ती चांगलीच ओशाळली, पण रडत बसली नाही. घरी येऊन तिनं मूळ फोटो जसाच्या तसा लावला. चेहऱ्यावर येणारी अक्षरं काढून खाली नेली, मासिकाचं नाव मोठं केलं. आता ताई सरळ वाचणाऱ्याकडे बघत होत्या. नवऱ्याला हेच आधी का नाही केलंस, असं विचारायचं होतं; त्यानं शहाण्यासारखा चहा टाकला.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. लोक दचकतील, म्हणाले.

“दचकतील, आणि मग उघडून वाचतील,” ती म्हणाली. “डॉक्टर, हे तुमच्या हातचं काम आहे. तेच आपण झाकलं, तर वॉर्डातल्या मुलींनी तोंडावरची ओढणी का काढावी?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

“ही शिवण माझी,” ते पुटपुटले. “बरी बसलीये.” आणि त्यांनी छपाईला होकार दिला.

प्रकाशन संस्थेच्या हॉस्पिटलच्याच सभागृहात झालं. ताईंनी भाषणाला साफ नकार दिला. समोरच्या रांगेत ओढणीनं गाल झाकलेली एक मुलगी आईबरोबर बसली होती. अंक तिनं मांडीवर पालथा ठेवला होता. माणसं पांगू लागली तेव्हा ती ताईंजवळ आली.

“माझी मान वळत नाही. मला गाडी चालवता येईल?”

“माझी तरी कुठे पुरी वळते?” ताई म्हणाल्या. “जास्तीचे आरसे लावलेत मी. चल, बसून बघ.”

दोघी खाली गेल्या. बाई आणि मुलीची आई खिडकीशी उभ्या राहिल्या. आवारात गाडीनं एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग ती हळूहळू झाडांच्या कडेनं निघाली. हातातला अंक आईनं पार चुरगळला होता.

बाईनं तिला नवा अंक दिला आणि बसायला खुर्ची ओढली.

“वेळ लागेल त्यांना,” ती म्हणाली. “तोवर हा वाचा.”